जागेवरची माणसं

“परक्या शहरात जो आपणहून चालत आपल्याकडे येतो, त्याला वाट विचारू नये,” असं विश्राम एकदा म्हणाला होता.

मग विचारायची कुणाला, असं त्र्यंबकने विचारलं, तेव्हा जागेवर बसलेल्या माणसाला, एवढंच सांगून तो उठला आणि पलीकडच्या ओंडक्याकडे गेला. कल्याणच्या बंदरावर, त्र्यंबकच्या वखारीत हे बोलणं झालं. रंगूनला जायचं ठरलं होतं. त्र्यंबकच्या डोक्यात समुद्र होता, जहाज होतं आणि थोडी भीतीही होती. असल्या बोलण्याकडे त्याचं फारसं लक्ष नव्हतं.

वखार त्याच्या वडिलांची. ते गेले आणि वखारीबरोबर विश्रामही त्र्यंबककडे आला, जसा दुकानाबरोबर जुना तराजू येतो. विश्राम लाकडाचा दलाल होता. वडिलांसाठी तो मलबारला जाऊन आला होता, कराचीला जाऊन आला होता, एकदा मस्कतलाही. पन्नाशी उलटलेली, अंगाने काटक, बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. हातात कायम एक लहानसा हातोडा. ओंडक्याच्या तोंडावर तो हलकेच मारायचा आणि कान देऊन थांबायचा. लाकूड आतून पोकळ असलं तर त्याच्या कपाळावर एक आठी उमटायची, आणि ती आठी पाहूनच समोरचा भाव उतरवायचा. माणसांच्या बाबतीतही तो असंच काहीतरी करतो, असं त्र्यंबकला लहानपणापासून वाटायचं. फक्त तिथं हातोडा दिसत नसे.

शहापूर-मुरबाडकडची जंगलं सरकार एकेक करून बंद करत चाललं होतं. साग आता ब्रह्मदेशातून यायचा. मुंबईला जहाजातून उतरायचा आणि तिथून पडावांत भरून ठाण्या-कळव्यावरून खाडीने कल्याणला. मधले मुंबईचे व्यापारी वाटेल तो माल गळ्यात मारत. तेव्हा स्वतः रंगूनला जावं, माल डोळ्यांनी पाहावा आणि थेट आणावा, हे त्र्यंबकने मनावर घेतलं. मंडालेचा राजा अजून गादीवर होता; रंगून मात्र इंग्रजांचं झालेलं होतं आणि सगळ्या जगाची माणसं तिथं लाकडासाठी आणि तांदळासाठी जमत होती.

अडचण घरात होती. त्र्यंबकची धाकटी बहीण रंगू हिचं लग्न ठाण्याच्या एका चांगल्या घरात ठरलेलं. भाऊ समुद्र ओलांडून गेला तर तिकडचे काय म्हणतील? ज्ञातीचे प्रमुख दौलतराव यांनी तोड काढली. व्यापारासाठी जाणाऱ्याला हल्ली कुणी अडवत नाही, ते म्हणाले, पण तिकडं परक्या हातचं अन्न पोटात जाता कामा नये. आल्यावर देवळात सभेपुढे यायचं, बेलभंडार उचलून शपथेवर तसं सांगायचं. सांगता आलं नाही तर घर ज्ञातीबाहेर, आणि मग रंगूच्या लग्नाचं नाव कुणी काढायचं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी त्र्यंबकच्या आईने, रखमाबाईंनी, विश्रामला ओटीवर बोलावलं. बराच वेळ त्या प्रवासाच्या सामानाबद्दल बोलत राहिल्या. पोहे, गूळ, सुकं खोबरं, मेतकूट, कशात काय बांधलंय ते. मग म्हणाल्या, “भावोजी, त्याला परत आणा.”

विश्रामने मान डोलावली.

जरा थांबून त्या हळूच म्हणाल्या, “कसाही आणा.”

ओटीच्या खाली उभ्या असलेल्या त्र्यंबकने ते ऐकलं. आपली आई असं काही बोलेल असं त्याला वाटलं नव्हतं.

आगगाडीने कलकत्ता, तिथून आगबोट. बोटीवर त्र्यंबकच्या पोटात काही ठरलं नाही. विश्राम आपल्या तांब्याच्या तांब्यातलं पाणी त्याला घोट घोट देत राहिला. त्या तांब्याला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नव्हता. मस्कतहूनही तो तसाच परत आला होता, आणि कल्याणात विश्रामची जी काही प्रतिष्ठा होती त्यात त्या तांब्याचा वाटा मोठा होता.

रंगूनची नदी श्रावणातल्या उल्हासइतकीच गढूळ, पण पलीकडचा काठ धूसर. धक्क्यावर तेलंगी हमालांच्या रांगा, चिनी सुतार, सुरती दुकानदार, केस वर बांधलेले पुरुष, चिरूट ओढणाऱ्या बायका. लांब टेकडीवर सोन्याचं शिखर. हे सगळं एकदम अंगावर आलं तेव्हा त्र्यंबकला वाटलं, आपलं नाव इथं कुणालाच ठाऊक नाही. आपण आत्ता नाहीसे झालो तर या शहराला एक ओंडका कमी झाल्याइतकंही कळणार नाही.

एका मारवाड्याच्या धर्मशाळेत खोली मिळाली. चूल स्वतःची मांडायची. विश्राम खिचडी करायचा. ती खाताना आईची आठवण यायची, पण ती खिचडी चांगली होती म्हणून नव्हे.

दुसऱ्या दिवशी विश्राम लाकडाच्या गोदामाकडे गेलाच नाही. गोदामासमोर एक मोठं झाड होतं, त्याच्या पारावर जाऊन बसला. दुपार झाली तरी बसलेलाच.

“काका, आपण इथं बसायला आलोय का?” त्र्यंबक शेवटी वैतागला.

“हो,” विश्राम म्हणाला.

तो बघत होता ते त्र्यंबकला हळूहळू कळलं. समोरून शेकडो माणसं ये-जा करत होती, त्यांच्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. कोपऱ्यावर चूल मांडून भात विकणारी एक ब्रह्मदेशी बाई होती. तिच्यापुढे तेलंगी पाणीवाला. त्याच्यापुढे फळ्यांना रंधा मारणारा म्हातारा चिनी सुतार. सकाळी जे जिथं होते ते संध्याकाळीही तिथंच होते. उठताना विश्रामने एकेकाला मान लववून नमस्कार केला. भातवालीला त्याने सुक्या खोबऱ्याचा तुकडा दिला. तिने तो हुंगला, चावला आणि दात नसलेल्या बाजूने हसली. तिचं अन्न घ्यायचं नव्हतं. आपलं द्यायला कुणाची मनाई नव्हती.

रस्त्याने चालताना दलालांचे हस्तक मागे लागायचे. शेठ, कुठं उतरलात, काय माल हवाय, एकटेच आलात का. हिंदुस्थानीत, मोडक्या गुजरातीत. विश्राम उत्तर देत नसे. रागावत नसे, पाय उचलून पळतही नसे. जणू वारा काहीतरी विचारतोय, अशा थाटात त्याच गतीने चालत राहायचा. थोड्या वेळाने विचारणारा गळून पडायचा.

त्र्यंबकला ते उद्धटपणाचं वाटलं. काहीतरी उत्तर द्यावं, खोटं का होईना, असं त्याने सुचवलं.

“उत्तर दिलं की तो आत येतो,” विश्राम म्हणाला. “खोटं दिलंस तरी येतोच. दार तर तूच उघडलंस ना रे. पाय थांबवायचे नाहीत, पळवायचेही नाहीत. बस.”

असे काही दिवस गेले. विश्राम रोज गोदामात जाऊन ओंडके वाजवायचा. हत्ती एकीकडे ओंडके रचत आणि दुसरीकडे हा त्यांच्यामधून कान देऊन फिरे. त्र्यंबक आता शहराला सरावला होता. खिचडीला मात्र सरावला नव्हता.

एका सकाळी धक्क्यावर मागून आवाज आला, “कल्याणचे का हो? बोलण्यावरून वाटलं.”

त्या एका वाक्याने त्र्यंबकला काय झालं हे सांगणं कठीण आहे. इतके दिवस त्याच्या कानावर नुसता आवाज पडत होता. आता एकदम अर्थ पडला. समोर नीट बांधलेल्या पागोट्यातला, हसऱ्या चेहऱ्याचा गृहस्थ उभा होता. नाव उत्तमराव. आजोळ कल्याणचं, पारनाक्यावर. काळ्या तलावात पोहायला शिकलो, म्हणाला. आता इथं लाकडाच्या कामात आहे. आणि खाण्यापिण्याचे हाल विचारून स्वतःच हळहळला. घरी या, म्हणाला, सोवळ्यातला स्वयंपाक असतो, आमटी-भात, अळूचं फदफदं, परक्याचा हात म्हणून लागत नाही.

विश्रामने त्याला एकच विचारलं. “आपण बसता कुठं?”

उत्तमराव मोकळेपणाने हसला. “छे हो, बसतोय कुठला, आम्ही आपले फिरतीवर.”

त्यानंतर विश्राम त्याच्याशी एक अक्षर बोलला नाही. धर्मशाळेत परतताना त्र्यंबक त्यावर चिडला. एवढ्या लांब आपला माणूस भेटतो आणि तुम्ही तोंड फिरवता, म्हणाला.

“आपला असेल. चालत आला.”

“काका, तुम्हाला माणसापेक्षा ओंडका बरा वाटतो.”

“ओंडका चालत येत नाही,” विश्राम म्हणाला, आणि चूल पेटवायला बसला.

त्र्यंबकची चूक अशी, की ती कल्याणचाच माणूस करू शकला असता. सुरती दुकानदाराने शंभरदा बोलावलं असतं तरी तो गेला नसता. बाटण्याची भीती होती. ती भीतीच त्याला सांभाळत होती, आणि तिनेच त्याला उत्तमरावाच्या दारात नेऊन सोडलं. सोवळ्यातला स्वयंपाक एवढं ऐकल्यावर विचारायचं काही उरलंच नाही. दुसऱ्या दिवशी विश्राम गोदामात असताना तो एकटाच जेवायला गेला.

घर गल्लीच्या टोकाला. पाट मांडलेला, रांगोळीची एक रेघही. पानावर मीठ-लिंबू जिथल्या तिथं. उत्तमरावाने स्वतः वाढलं, आग्रह केला. आमटीला चिंच-गुळाची तीच चव. त्र्यंबकचे डोळे भरून आले, आणि त्याने ते लपवलेही नाहीत. आमटीमागे किंचित कडवट काहीतरी होतं, पण परमुलखातलं पाणी म्हणून त्याने ते सोडून दिलं. मग तोंडाला कोरड पडली. पाणी प्यालं तरी कोरड जाईना. भिंत वाकली. उत्तमराव अजून हसतच होता, पण त्याचा चेहरा पाण्याखाली असल्यासारखा हलत होता. आमटीत धोतरा होता.

पुढचं त्र्यंबकला आठवत नाही. ते त्याने नंतर विश्रामकडून, तुकड्यातुकड्यांनी, खोदून काढलं.

विश्राम दुपारी परतला तो खोली रिकामी. पागोटं नाही, नवा अंगरखा नाही. जेवायला गेलाय हे उघड होतं. रंगूनच्या गर्दीत एक माणूस शोधायचा, भाषा येत नाही, गल्ली माहीत नाही. तो चौकीवर गेला. तिथं त्याला उद्या या म्हणाले. मग तो भातवालीकडे आला. हाताने डोक्याभोवती पागोटं बांधून दाखवलं, त्र्यंबकची उंची दाखवली, दोन्ही हात पसरून रिकामे दाखवले.

तिला कळलं. तिने पाणीवाल्याला हाक मारली, पाणीवाल्याने सुताराला, सुताराने पुढच्या कोपऱ्यावरच्या कुणाला तरी. पागोटेवाला दुपारी कुठल्या गल्लीत शिरला, कुणाबरोबर बाहेर पडला, कसा झोकांड्या खात होता, नदीकडे कोण घेऊन गेलं, हे सगळं कुणी ना कुणी पाहिलं होतं. सगळं शहर पळत होतं आणि शोध बसलेल्या माणसांमधून चालत गेला. सूर्य बुडायच्या आत त्र्यंबक सापडला. नदीच्या चिखलात, ओंडक्यांच्या राशीआड. अंगावर नुसतं धोतर. हवेतून दोरे उपटत होता आणि मेलेल्या वडिलांशी बोलत होता. ओहोटी संपून पाणी चढायला लागलं होतं, घोट्यापर्यंत आलं होतं.

त्याला उचलून नेलं ते भातवालीच्या झोपडीत. ती सगळ्यात जवळ होती.

शुद्ध आली तेव्हा त्याच्या ओठांना काहीतरी कोमट लागलं. भाताची पेज, मीठ घातलेली. भातवाली उकिडवी बसून लाकडी पळीने भरवत होती, आणि कोपऱ्यात विश्राम त्याच मडक्यातली पेज वाटीने पीत होता. पेज कल्याणची असती तर हीच चव असती. त्र्यंबकने त्याच्याकडे पाहिलं. विश्रामने वाटी खाली ठेवली.

“नीट शुद्धीवर आलास का?”

त्र्यंबकने हो म्हटलं.

“मग ऐक. ही तिच्या हातची आहे. आत्तापर्यंत पोटात गेली ती मी घालायला लावली, ती माझ्यावर. इथून पुढची तुझ्यावर. नको असली तर सांग, मी खिचडी करतो.”

बाहेर हत्तींच्या गळ्यातल्या लाकडी घंटा वाजत होत्या. त्र्यंबकच्या डोळ्यांपुढे रंगू आली, देवळातला बेल आला, आईही आली. मग त्याने स्वतः हात पुढे करून त्या बाईपुढे वाटी धरली.

“आणखी दे,” तो मराठीतच म्हणाला. तिने वाढली.

अंगात बळ येईपर्यंत तो तिथंच राहिला, तिथंच जेवला. उत्तमराव पुन्हा कुणाला दिसला नाही. पाट आणि रांगोळीचं ते घर रिकामं निघालं. मालाचे पैसे विश्रामच्या कमरेला होते, म्हणून साग मात्र त्याने खरीदला, आणि असा खरीदला की पुढं कल्याणात त्या लाकडाची दारं ज्यांनी केली त्यांची नातवंडं ती अजून दाखवतात. निघताना त्र्यंबकला त्या बाईला काहीतरी द्यायचं होतं आणि त्याच्याजवळ स्वतःचं देण्यासारखं काही उरलं नव्हतं. विश्रामने आपला तांब्या घासून लखलखीत केला आणि तिच्या चुलीशेजारी ठेवला. तिने त्यात लगेच पाणी भरलं.

कल्याणला घरात पाऊल ठेवल्यावर रखमाबाईंनी आधी मुलाच्या तोंडावरून हात फिरवला, आणि मग विश्रामकडे वळून विचारलं, तांब्या दिसत नाही तो.

“दिला,” विश्राम म्हणाला.

त्यांनी स्वयंपाकघरातून दुसरा तांब्या आणून त्याच्या हातात दिला.

पण तांब्या नसल्याचं गावाने पाहिलं होतं. सभा लवकरच भरली, रामाच्या देवळात, दुपारी. रंगूचे होणारे सासरेही ठाण्याहून आले होते आणि खांबाला टेकून, पागोटं मांडीवर घेऊन बसले होते. पुढं ताम्हनात बेल आणि भंडार ठेवला होता. दौलतराव मोठ्या मनाचे गृहस्थ होते, आवाजही मऊ. जवळ ये रे विश्राम, सगळी घरचीच माणसं आहेत, म्हणाले.

विश्रामने स्वतःचं आधीच सांगून टाकलं. “मी जेवलो. ब्रह्मदेशी बाईच्या हातची पेज.”

कुजबुज झाली, पण फारशी नाही. विधुर माणूस, मागेपुढे कुणी नाही. त्याला प्रायश्चित्त सांगता येईल, असं सगळ्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मग त्र्यंबकचा विषय निघाला. उत्तमरावाची हकीकत गावात पोचली होतीच. दौलतरावांनी दुःख व्यक्त केलं आणि म्हणाले, “तिथं जेवलास त्यात दोष नाही बाबा. आपल्यातलाच हात होता.”

त्र्यंबकच्या जिभेवर ती कोरड पुन्हा आली. त्याने आजूबाजूला पाहिलं. कुणालाही त्या वाक्यात काही वावगं वाटलेलं नव्हतं.

ताम्हन विश्रामपुढे सरकवण्यात आलं. त्र्यंबकबरोबर तोच होता, तेव्हा त्यानेच सांगायचं: त्र्यंबक जेवला का?

सगळ्या सभेला ‘नाही’ हा शब्द ऐकायचा होता; लग्न कुणालाच मोडायचं नव्हतं. विश्रामने मान वळवून त्र्यंबककडे पाहिलं, ओंडक्यावर हातोडा मारून झाल्यावर जसा थांबायचा तसा, कान देऊन. त्या नजरेत मागणं नव्हतं की धाक नव्हता. त्र्यंबकला कळलं, हा माणूस आपल्याला इथवर घेऊन आला. यापुढचं पाऊल तो आपल्याकडून टाकू शकत नाही.

तो उठला. “मी जेवलो,” म्हणाला. “शुद्धीवर होतो. मागून घेतली.”

रंगूचं लग्न पुढच्या वर्षी त्याच ठाण्याच्या घरात झालं. त्र्यंबकने प्रायश्चित्त घेतलं आणि वर्षभर घर ज्ञातीबाहेर राहिलं. तेवढा काळ त्या सासऱ्यांनी दुसरी सोयरीक का पाहिली नाही, हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. विश्रामने प्रायश्चित्त घेतलं नाही. पुन्हा कुणाच्या पंक्तीला बसला नाही. बंदरावर, वखारीच्या दारातल्या ओंडक्यावर त्याची जागा होती. सकाळी तो तिथं असायचा आणि संध्याकाळीही, आणि खाडीने उतरलेला नवखा माणूस वाट त्यालाच विचारायचा. पण हे सगळं मागाहून. त्या दुपारी यातलं काही कुणाला ठाऊक नव्हतं. ठाण्याचे गृहस्थ खाली मान घालून पागोट्याची घडी चाचपत होते, आणि त्र्यंबकला वाटत होतं, आपण बहिणीचं घर आपल्या हाताने मोडलं.

तेव्हा दौलतराव आपल्या जागेवरून उठले. सगळी सभा ओलांडून ते स्वतः चालत विश्रामकडे आले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“पोराची तब्येत अजून ठीक नाही,” ते अगदी घरच्यासारखं, हळू बोलले. “भ्रमात होता तो, त्याला काय आठवणार. तू एवढंच सांग, तो शुद्धीवर नव्हता. बेल उचल आणि सांग. सगळं मार्गी लागेल रे.”

त्यांच्या आवाजात खरंच माया होती. त्र्यंबकने विश्रामकडे पाहिलं, आणि क्षणभर त्याला रंगूनचा धक्का दिसला.

विश्रामने खांद्यावरचा हात हलकेच बाजूला केला. बेल ताम्हनात तसाच राहिला. तो उठला, हातोडा कमरेला खोचला, आणि माणसांच्या मधून, पाय न थांबवता आणि न पळवता, देवळाच्या पायऱ्या उतरून गेला.